रुमालाखालचा अंगठा

परंदवडीच्या चाँदभाई दलालाला तीन मुलींच्या पाठीवर एक मुलगा झाला आणि तो बैलाला भ्यायला लागला. सुताराच्या पोरानं वासल्याला भ्यावं किंवा कोळ्याच्या पोरानं पाण्याला, तशातली ही गत. चाँदभाईचा बाप बैलांचा दलाल, आजा बैलांचा दलाल. अंगणात कायम चारदोन जनावरं बांधलेली. आणि हा गुलजार भाकरी घेऊन अंगणातून जायचा तो भिंतीला पाठ घासत, कडेकडेनं, जणू मधे विहीर आहे.

भीतीला कारण होतं. पाच वर्षांचा असताना एका तांबड्या बैलानं त्याला सदऱ्यात शिंग घालून उचललं आणि उकिरड्यावर टाकलं. लागलं काहीच नाही. सदरा फाटला एवढंच. पण त्या दिवसापासून भीती जी अंगात शिरली ती पुन्हा बाहेर पडली नाही. गावातली पोरं त्याला भागूबाई म्हणायची. पाठीमागून कुणी नुसतं "हुर्रऽ" केलं तरी त्याची घाबरगुंडी उडायची. आईचा, म्हणजे जैनबचा, पीर झाला, दर्गा झाला, गावच्या भैरोबाचा अंगाराही लावून झाला. गुण आला नाही.

पण ज्याची भीती, त्याच्याकडेच डोळा. बाकीची पोरं बैलाकडं बघायची तशी बघायची नि पुढं जायची. गुलजारला तसं जमत नसे. बैल आता काय करेल, या एकाच काळजीनं तो त्याच्याकडं टक लावून बसे, आणि अशी दहा वर्षं बघून बघून त्याला बैल कळायला लागला. मारणारा बैल मारण्याआधी काय करतो, हे तो सांगू शकत होता. आधी कान थांबतो. मग मानेखालची लोंबती पोळी ताठ होते. मग शेपटीचं मूळ दगडासारखं होतं आणि पुढच्या एका पायावर भार येतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं एवढ्यात. चाँदभाईला तीस वर्षांच्या धंद्यात जे दिसलं नव्हतं, ते या भित्र्या पोराला दिसत होतं. हे कौतुक चाँदभाई कुणाला सांगत नसे. दलालाचं पोर बैलाला भितं हे आधी सांगावं लागलं असतं ना.

आता दलालीची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. दलाल आपल्या खांद्यावरचा रुमाल हातावर टाकतो, घेणारा त्याखाली हात घालतो, आणि बोटं धरून भाव ठरतो. बघणाऱ्याला दोन माणसं नुसती हात धरून उभी दिसतात. भावाचं तसंच दोषाचं. बैलाचा मालक समोर उभा असतो. त्यानं ते जनावर लेकरासारखं वाढवलेलं असतं. त्याच्या तोंडावर त्याच्या बैलाला नावं ठेवणं म्हणजे पानावर बसून जेवणाला नावं ठेवणं. म्हणून चाँदभाई घेणाऱ्याची करंगळी दाबायचा, म्हणजे पायात खोड आहे. मधलं बोट दाबलं म्हणजे वय लपवलेलं आहे. आणि आपला अंगठा मुठीत धरून ती मूठ घेणाऱ्याच्या तळव्यात दाबली, म्हणजे जनावर मारकं आहे, जपून. रुमालाखालचं रुमालाखाली राहायचं. ते ज्या दलालानं बाहेर काढलं, त्याच्या रुमालाखाली पुन्हा कुणी हात घालायचा नाही. चाँदभाईच्या बापानं मरताना त्याला दुसरं काही सांगितलं नव्हतं, हे एवढंच सांगितलं होतं.

बाजार भरायचा सोमाटण्याजवळच्या एका माळावर. तो माळ भिमाजीराव इनामदारांचा. माळावर कोण उभं राहील आणि कोण नाही, हे इनामदार ठरवायचे. एका दिवाळीनंतरच्या बाजारात इनामदारांना एक पांढरा खिल्लार बैल आवडला. बैल होताच तसा, उभा राहिला की माळ त्याचा वाटावा. सौदा चाँदभाईनं केला. कासऱ्याचं लांबचं टोक गुलजारच्या हातात होतं, आणि त्यानं बघितलं, अब्बानं रुमाल टाकला, इनामदारांनी हात घातला, आणि रुमालाला मुठीचा फुगवटा आला तेव्हा इनामदार हसले.

"आम्हाला शोभेला पाहिजे, चाँदभाई. नांगराला न्हाई," ते म्हणाले.

बैलाचं नाव त्यांनी सरदार ठेवलं. आठ दिवसांत सरदारानं गेणू गड्याच्या दोन फासळ्या मोडल्या. इनामदारांनी गेणूला वैद्य दिला आणि गप्प बसायला सांगितलं.

गुलजार तळेगावच्या शाळेत शेतकीच्या वर्गात होता. तिथले दत्तोबा मास्तर जुन्या पठडीतले, पण नजर चांगली. एकदा शाळेच्या आवारात शिरलेल्या वळूकडं बघून गुलजार म्हणाला होता, "मास्तर, मागं सरा, ह्यो आता येनार," आणि तो वळू आलाच. तेव्हापासून मास्तरांनी त्याला हेरून ठेवलं होतं. एकोणीसशे तेहेतीसच्या जानेवारीत लोणावळ्याला साऱ्या मुंबई इलाख्यातल्या शाळांचं शेतकी संमेलन भरायचं ठरलं. भाताची रोपं, बियाणं ओळखणं, कलमं बांधणं, अशा पैजा होत्या आणि त्यात एक बैल पारखण्याची. मास्तरांनी तिथं गुलजारचं नाव घातलं.

गुलजार रडकुंडीला येऊन म्हणाला, "मास्तर, मला भाताकडं घाला."

"भाताला पोरं पुष्कळ आहेत," मास्तर म्हणाले. "आणि नीट ऐक. पैज जिंकणाऱ्याला पुण्याच्या शेतकी शाळेत दोन वर्षं राहून शिकायची सोय आहे. तिथं तुला काय पाहिजे ते शीक. झाडं शीक. झाडाला शिंगं नसतात."

हे मात्र गुलजारच्या डोक्यात शिरलं. दोन वर्षं शिकून शेतकी खात्यात गेलं की जन्मभर रोपं आणि बियाणं. अंगणात बैल नाहीत, माळ नाही, कासरा नाही. बैलांपासून कायमचं सुटायचं तर एकदा बैलांच्या पैजेत उतरलं पाहिजे. त्या दिवसापासून त्याला झोप लागेना. जिंकायचीही भीती आणि हरायचीही.

तळेगावाहून पोरं गाडीत बसली. मळवलीनंतर थंडी अशी लागली की लोहगडाकडं बघायला कुणी खिडकी उघडी ठेवली नाही. लोणावळ्याच्या मैदानात मांडव पडला होता. खानदेशातल्या पोरांनी कापूस आणला होता, रत्नागिरीकडच्यांनी आंब्याची कलमं, धारवाडकडची पोरं कानडीत बोलत होती आणि त्यांच्या ज्वारीची कणसं मुलाच्या डोक्याएवढी होती. तळेगावच्या पोरांच्या आंबेमोहोराच्या पेंढीला सकाळीच दुसरं बक्षीस मिळालं. दत्तोबा मास्तरांनी उपरण्यानं डोळे पुसले. गुलजारनं ते बघितलं नाही, कारण तो बैलांच्या रिंगणाकडं बघत होता.

रिंगणात चार बैल उभे होते, प्रत्येकाच्या गळ्यात नंबराची पाटी. एक नंबरला काळापांढरा डांगी, दोनला तांबडा, चारला एक म्हातारा पण सरळ गावठी बैल. आणि तीन नंबरला सरदार.

इनामदारांनी त्याला पैजेसाठी पाठवला होता. सरदार खाली मान घालून उभा होता. डोळे अर्धे मिटलेले, तोंडातून लाळेची तार लोंबत होती, पाठीवर माश्या बसल्या होत्या आणि तो हलत नव्हता. कासरा धरून गेणू उभा होता, एक हात फासळ्यांवर ठेवून.

गुलजार दोरीपाशी जाऊन हळूच म्हणाला, "गेणूभाऊ, ह्याला काय झालं?"

गेणूनं इकडं तिकडं बघितलं. "गुळात भांग घातलीया. दुपारपत्तुर मेंढरू हाय. पैज धाला हाय, बारापत्तुर समदं उरकतंय. तू बघितलं न्हाईस, म्या बोललो न्हाई."

पैज दहाला होती खरी. पण बक्षिसं द्यायला मुंबईहून यायचे पाहुणे मोटारीनं निघाले होते आणि त्यांची मोटार खंडाळ्याच्या घाटात तापून उभी राहिली. अकरा वाजले. बारा वाजले. मंडळी पाहुण्यांसाठी थांबली. बैल उन्हात उभेच. शाळेनं दिलेली पोळी गुलजारनं खाल्ली नाही. तो फक्त सरदाराच्या पाठीवरच्या माश्या बघत होता. साडेबाराला एक माशी बसली आणि सरदाराची कातडी थरथरली. माशी उडाली.

त्याच वेळी त्याला दोन गोष्टी दिसल्या, दोन्ही एकदम. एक म्हणजे मांडवाच्या कडेला, गर्दीत, अब्बा उभा होता. परंदवडीहून पोराची पैज बघायला आला होता, खांद्यावर रुमाल, न सांगता. दुसरं म्हणजे मांडवात पुढं इनामदार बसले होते, आणि त्यांच्या पायाशी त्यांची नात सरू, सहा वर्षांची, हिरवं परकर-पोलकं, हातात झेंडूचा हार. पैजेत जो बैल पहिला येईल त्याला सरू हार घालणार होती. हार तिच्याहून लांब होता. पहिला कोण येणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. इनामदारांच्या बैलाला पहिला न काढायला मोठी छाती लागली असती.

एक वाजता पाहुणे आले आणि पैज सुरू झाली. चौदा पोरं रिंगणात सोडली. प्रत्येकाला एक कागद, एक शिसपेन्सिल. चारही बैल बघायचे, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत लावायचे, आणि मग परीक्षकांपुढं उभं राहून कारणं तोंडानं सांगायची. परीक्षक दोन. एक पुण्याचे जनावरांचे डॉक्टर, कोटातले. दुसरे पवन मावळातले हौशीराम आबा, घोंगडीतले, ज्यांनी उभ्या आयुष्यात बैलांशिवाय कशाचा विचार केला नाही.

गुलजारनं आधी सरदाराला शेवटी घातलं. मग इनामदारांकडं नजर गेली आणि त्यानं तो आकडा खोडून पहिला घातला. माळ इनामदारांचा. उद्या ते नुसतं बोट दाखवतील आणि अब्बा माळाबाहेर. तीन बहिणींतली एक अजून घरात आहे. अम्मीचा खोकला आहे. बैलांशिवाय अब्बाला दुसरं काय येतं? मग त्याला सरूच्या हातातला हार दिसला आणि त्यानं पहिला खोडून पुन्हा शेवटचा केला. कागद फाटला. त्या फाटक्या कागदाकडं बघून त्याला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर तो थोडा रडलाही.

चिठ्ठ्या टाकल्या होत्या. गुलजारचा नंबर शेवटचा लागला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा. तेरा पोरं एकेक करून बोलली. तेराच्या तेरा पोरांनी सरदाराला पहिला काढला होता. छाती भरदार, वशिंड नेमकं, खूर काळे, स्वभाव शांत. स्वभाव शांत म्हटलं की इनामदार मान हलवायचे. आणि दर पोरागणिक उन्हाची तिरीप थोडी सरकत होती आणि सरदाराचे डोळे थोडे उघडत होते.

"तळेगाव, गुलजार चाँदभाई."

तो पुढं गेला. डॉक्टरांनी कागद घेतला, फाटलेला बघितला, वाचला आणि चष्मा काढला. "तीन नंबर शेवटी? कारण सांग."

गुलजारनं तोंड उघडलं पण आतून वाराच आला. त्याच्या डोळ्यांपुढं सरदाराचा डावा कान होता. सकाळपासून तो कान लोंबत होता, आता उभा होता.

"बोल बाळ," डॉक्टर म्हणाले. "वेळ जातोय."

हौशीराम आबा त्याच्याकडं बघत होते. त्यांनी हा रंग ओळखला. पोराला सांगायचं आहे आणि सांगवत नाही. म्हाताऱ्यानं काय करावं? त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, आपल्या हातावर टाकला आणि पुढं केला.

"चाँदभाईचं ना रं तू? ये. तोंडानं न्हाई तर न्हाई."

गुलजारनं रुमालाखाली हात घातला. त्यानं अंगठा मुठीत धरला आणि ती मूठ म्हाताऱ्याच्या तळव्यात दाबली. आबांचा चेहरा हलला नाही, जाणत्याचा हलत नसतोच. त्यांनी फक्त पुन्हा हात दाबून विचारलं, आणि गुलजारनं पुन्हा मूठ दाबली, जोरात.

आबांनी रुमाल खांद्यावर टाकला. "तीन नंबर मागं घ्या," ते म्हणाले.

"का?" इनामदार खुर्चीतूनच बोलले.

"पोरगं म्हनतंय, जनावराची खात्री न्हाई."

"कुठं म्हणालं? मला तर ऐकू आलं न्हाई." इनामदार हसले, तसेच, बाजारात हसले होते तसे. "अहो, सकाळपासून बैल उभाय. डॉक्टरांनी त्याच्या तोंडात हात घालून दात मोजले. काय डॉक्टर?"

"शांत जनावर आहे," डॉक्टर म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. सकाळी ते खरं होतं.

"तेरा पोरं एक म्हणतात, एक पोर दुसरं म्हणतंय, तेही तोंडानं न्हाई. रुमालाखालच्या कारणाला इथं कोण पुसतो? उरकू द्या. सरू, जा बाळ, घाल हार."

सरू उठली. किती वेळ तिनं तो हार सांभाळला होता. ती परकर सावरत निघाली.

गुलजारनं गर्दीकडं बघितलं. अब्बाची नजर त्याच्यावरच होती. आणि अब्बा मान हलवत होता, अगदी थोडी, नको, नको म्हणून. त्या नजरेत जी भीती होती ती गुलजारला पाठ होती. आपल्याला वाटे ही भीती आपल्या एकट्याची. अब्बालाही तीच होती, तेवढीच होती, तो फक्त रुमालाखाली ठेवत होता. हे कळलं तेव्हा गुलजारला धीर आला असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. तो जास्तच घाबरला. बाप भ्यालेला बघितल्यावर पोरानं कुणाकडं बघावं?

सरदाराच्या मानेखालची पोळी ताठ झाली.

"मारका हाय!" गुलजारचा आवाज फाटला. "तीन नंबर मारका हाय. सकाळी भांग दिलीया. आता उतरलीया. पोरीला मागं घ्या!"

सरू थबकली, पण ती रिंगणाच्या आत आली होती.

इनामदार उभे राहिले. त्यांचा चेहरा काळा पडला. "दलालाचं पोर. कुणी पढवलं तुला?" मग त्यांची नजर गर्दीवरून फिरली आणि चाँदभाईवर थांबली, आणि ते थंडपणे म्हणाले, "हा बैल कुणाच्या हातून आला? तुझ्याच ना, चाँदभाई? मग तूच सांग चार माणसांत. तुझं पोर खरं बोलतंय का खोटं? तुझा शब्द शेवटचा."

त्यांना खात्री होती. माळ त्यांचा होता.

चाँदभाई दोरीखालून वाकून आत आला. त्याच्या कपाळावर थंडीत घाम होता. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, घडी घातली आणि खाली मातीवर ठेवला. मग त्यानं उजवा हात वर केला, सगळ्यांना दिसेल एवढा वर, आणि उघड्या उन्हात अंगठा मुठीत दाबला.

"इनामदार, दिवाळीच्या बाजारात ही मूठ म्या तुमच्या हातात दाबली व्हती," तो म्हणाला. "पोरगं खरं बोलतंय."

रिंगणाभोवती निम्मे शेतकरी होते. त्यांना पुढं काही सांगायला लागलं नाही. आपला रुमाल असा चव्हाट्यावर उघडून कुणी दलाल खोटं बोलत नसतो. "पोरीला घ्या मागं," कुणीतरी ओरडलं. गेणूनं कासरा दोन हातांनी धरला आणि त्याच वेळी सरदारानं पुढच्या डाव्या पायावर भार घेतला.

लोक अजून सांगतात की भागूबाई गुलजारनं वाघासारखी झेप घेतली. झेपबीप काही नाही. पोर जवळ होती, त्यानं तिचा परकर धरला आणि भीतीनं त्याचे पाय गेले. तो मागं पडला आणि ती त्याच्यावर पडली. हार तेवढा पुढं उडाला. हौशीराम आबांनी अंगावरची घोंगडी काढून बैलाच्या तोंडावर फेकली, आणि सरदारानं ती घोंगडी शिंगावर घेतली, पायाखाली घातली, पुन्हा उचलली, पुन्हा घातली. गेणू कासऱ्यासकट फरफटत गेला. बारा-पंधरा जणांनी मिळून बैल आवरला तेव्हा घोंगडीचा एकही तुकडा पायपुसण्याएवढा उरला नव्हता. सरू गुलजारच्या छातीवर पालथी पडून ते सगळं बघत होती. ती रडत नव्हती. रडत होता गुलजार.

पहिलं बक्षीस त्याला मिळालं. डॉक्टरांनी स्वतः येऊन बिल्ला सदऱ्याला लावला आणि म्हणाले, "मी पंचवीस वर्षं जनावरं तपासतो. तुला कसं कळलं?" गुलजार म्हणाला, "भ्या वाटतं म्हनून." डॉक्टरांना वाटलं, पोर लाजतंय.

इनामदारांच्या एका डोळ्यात नात वाचल्याचं पाणी होतं आणि दुसऱ्या डोळ्यात चार माणसांत झालेला अपमान, आणि दुसरा डोळा मोठा होता. संध्याकाळी त्यांचा कारभारी परंदवडीला येऊन सांगून गेला, चाँदभाईनं माळावर पाय ठेवायचा नाही. दुसऱ्या दलालांनीही पाठ फिरवली. रुमालाखालचं यानं उघड केलं म्हणाले. एरवी ती माणसं वाईट नव्हती. पण रीत ती रीत.

जूनमध्ये पुण्याहून पत्र आलं, जागा राखून ठेवली आहे. दत्तोबा मास्तर तळेगावाहून चालत आले. गुलजारनं पत्र दोनदा वाचलं. अंगणात अब्बा बसला होता, हात मांडीवर पालथे घालून. पाच महिन्यांत त्या हातांत कुणी हात दिला नव्हता. मास्तर काही बोलायच्या आत गुलजार म्हणाला, "मास्तर, म्या न्हाई जायचा." मास्तर चहा पिऊन गेले. बैलांपासून सुटायला म्हणून जे पोर बैलांच्या पैजेत उतरलं, ते जिंकलं आणि जन्माचं बैलांत अडकलं. याला काय म्हणावं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

माळाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडं, एक बाभूळ होती. ती इनामदारांची नव्हती. तिच्याखाली बाप-लेक उभे राहायला लागले. पहिले तीन बाजार कुणी आलं नाही. चौथ्या बाजाराला मळवलीचा कोंडाजी नावाचा एक शेतकरी घ्यायचा म्हणून ठरवलेला बैल आणि त्याचा मालक, दोघांना घेऊन रस्ता ओलांडून आला. चाँदभाईनं सवयीनं रुमाल हातावर टाकला.

"रुमाल ऱ्हाऊ द्या, भाऊ," कोंडाजी म्हणाला. "तुमच्या पोरानं लोनावळ्याला सांगितलं तसं सांगा. तोंडानं."

चाँदभाईनं गुलजारकडं बघितलं. मालक समोर उभा होता, तगडा, हातात काठी. गुलजारनं बैलाभोवती एक फेरी मारली, जरा लांबूनच, आणि खाली बघत म्हणाला, "बैल गुनाचा हाय. पन उजव्या मागल्या खुरात दुखनं हाय, चिखलात बसंल."

मालकानं काठी आपटली. शिव्या दिल्या. मग वाकून त्यानं स्वतःच खूर उचलून बघितला आणि काठी बाजूला ठेवली. सौदा झाला, आणि रस्त्याच्या त्या बाजूला उभ्या असलेल्या बऱ्याच जणांनी तो झालेला बघितला.

पुढं चौदा वर्षं गुलजारनं त्या बाभळीखाली दोष तोंडानं सांगितले. लांबून लांबून लोक यायला लागले. माळावर पसंत करावं आणि घेण्याआधी बाभळीखाली दाखवावं, अशी रीतच पडली. चाँदभाई गेला. गुलजारचं लग्न झालं, पोरं झाली. पण भीती काही गेली नाही. दर बाजाराच्या दिवशी सकाळी त्याला भाकरी जात नसे. बैलाला हात लावताना हात थरथरायचा, मालकाच्या तोंडावर बोलताना आवाज फाटायचा, आणि लोक त्यावरून त्याची टिंगलही करायचे. दलाल खरा, पण भागूबाई.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात एक तरुण जोडपं बैल दाखवायला आलं. बाई डोक्यावरून पदर घेतलेली, कडेवर वर्षाचं मूल. ती गुलजारकडं बघत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, वळखलं न्हाई? म्या सरू. इनामदारांची."

नवरा शेजारी बैल धरून उभा होता, डांगी, दोन दाती म्हणजे कोवळाच, शेळीपेक्षा गरीब. सरू काही बोलणार, तेवढ्यात कडेवरच्या मुलानं बैलाच्या कपाळाकडं हात केला.

"थांबा, ताई," गुलजार ओरडलाच. "लेकराला मागं घ्या."

आणि त्याचा हात मधे आला, थरथरत. बैलानं तो हात नुसता चाटला. भोवतीची माणसं हसली. एवढ्या गरीब बैलाला गुलजार भ्याला म्हणून पोट धरून हसली, आणि गुलजारही ओशाळून हसला.

सरू हसली नाही. तिनं मुलाला छातीशी धरलं आणि तीन पावलं मागं जाऊन उभी राहिली.

"तुमी बघून घ्या सावकाश," ती म्हणाली. "आमी हितं थांबतो."